साम्राज्याचा खर्च कोणाच्या खाती?

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने एका राजाचा दाखला दिला आहे. आपल्या दहा हजार सैनिकांनिशी आपण वीस हजार घेऊन येणाऱ्या दुसऱ्या राजाला तोंड देऊ शकू की नाही, याचा हा राजा आधी बसून विचार करतो. आणि जमणार नसेल, तर शत्रू दूर असतानाच वकील पाठवून सलोख्याची बोलणी सुरू करतो. २०२५ च्या सप्टेंबरातील एका रविवारी मिस्सामध्ये हे वाचन आले. प्रभूने हा दाखला शिष्यत्वाची किंमत मोजण्याविषयी दिला आहे आणि मीही प्रवचनात तेवढेच सांगितले. मिस्सा संपल्यावर आमच्या धर्मग्रामातील, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "फादर, तो राजा नुसती माणसे मोजतो. त्या दहा हजारांचा पगार कुठून येणार, हे तो मोजत नाही काय?"

मग त्यांनी बोलण्याचा रोख अमेरिकेकडे वळवला. २०२४ या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या केंद्र सरकारने कर्जावरील निव्वळ व्याजापोटी सुमारे ८८ हजार कोटी डॉलर मोजले. त्याच वर्षीच्या संरक्षणखर्चापेक्षाही हा आकडा किंचित मोठा होता. ज्या राष्ट्राची आरमारे साऱ्या महासागरांत फिरतात, त्याला तोफांपेक्षा व्याज महाग पडू लागले आहे. "आमच्या शाखेत असा कर्जदार आला असता, तर चहा पाजून परत पाठवला असता," असे म्हणून ते हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. लष्करी बळावर उभे राहिलेले साम्राज्य आपला खर्च कायमचा भागवू शकते काय?

अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो धर्मगुरूला टाळता येत नाही. साम्राज्य परवडते असे आपण म्हणतो, तेव्हा ते कोणाला परवडते आणि ते परवडावे म्हणून कोणी काय सोसलेले असते? याचे उत्तर शोधताना मी अमेरिकेऐवजी आधी सोळाव्या शतकातील स्पेनकडे वळतो. स्पेनच्या साम्राज्याची वही आता मिटलेली आहे, त्यामुळे तिचे शेवटचे पानही वाचता येते. ते राजे आपल्याच श्रद्धेचे होते, रोज मिस्सा ऐकणारे होते. तेव्हा त्यांच्या हिशेबाकडे परक्याचा हिशेब म्हणून पाहण्याची सोय आपल्याला नाही. शिवाय १५८० ते १६४० ही साठ वर्षे आपली वसई, चौल आणि गोवे त्याच राजांच्या खतावणीत होती. त्याकडे मी पुढे येईन.

या साम्राज्याचा पायाच कर्जावर घातला गेला होता. पाचवा चार्ल्स १५१९ साली पवित्र रोमन सम्राट म्हणून निवडून आला, तेव्हा निर्वाचक सरदारांची मते मिळवण्यासाठी सुमारे साडेआठ लाख गिल्डर खर्ची पडले. त्यांतील पाच लाखांहून अधिक रक्कम आउग्सबुर्गच्या फुगर या सावकारी पेढीने पुरवली. परतफेड लांबली, तेव्हा याकोब फुगरने १५२३ साली सम्राटाला पत्र धाडून, आपल्या मदतीविना हा मुकुट त्याच्या मस्तकी चढला नसता, याची रोकठोक आठवण करून दिली.

मग १५४५ साली, आजच्या बोलिव्हियात, समुद्रसपाटीपासून सुमारे ४००० मीटर उंचीवर, पोतोसी येथे चांदीचा अक्षरशः डोंगर सापडला. निघेल त्या चांदीचा पाचवा हिस्सा राजाचा. अशी कामधेनू दारी आल्यावर कर्ज फिटायला हवे होते. घडले ते उलटच. चांदी येणार या भरवशावर राजाला पूर्वीपेक्षा मोठे कर्ज मिळू लागले आणि मोठे कर्ज मिळते म्हणून मोठी युद्धे पुकारता येऊ लागली.

या व्यवहाराची रीत समजून घेण्यासारखी आहे. चांदी जहाजांच्या ताफ्यांतून ठरावीक हंगामातच सेव्हिलला पोहोचत असे; सैनिकांचा पगार मात्र वर्षभर, आणि तोही दूर उत्तरेला फ्लँडर्समध्ये, द्यावा लागे. मधली तूट जेनोवाचे सावकार भरून काढत. अल्प मुदतीच्या या करारांना 'आसिएंतो' म्हणत. ते फेडता आले नाहीत, की त्यांचे रूपांतर 'हुरो' नावाच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत केले जाई आणि त्यांच्या व्याजासाठी राज्याचे एखादे करउत्पन्न बांधून दिले जाई. अशा रीतीने, अजून न आलेली चांदी आणि अजून न वसूल झालेला कर यांवर लढाया लढल्या गेल्या. दुसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत, म्हणजे १५५६ ते १५९८ या काळात, राजाने १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ अशी चार वेळा देणी थोपवली. त्या काळी जगात त्याच्यापेक्षा बलाढ्य राजा युरोपला ठाऊक नव्हता.

यांतील १५७५ ची गोष्ट थोडी तपशीलाने सांगावीशी वाटते. नेदरलँड्समध्ये १५६८ पासून बंड पेटले होते आणि ते मोडण्यासाठी स्पेनची मोठी फौज तेथे तळ देऊन होती. १ सप्टेंबर १५७५ रोजी फिलिपने सावकारांची देणी थांबवली. सावकारांनीही मग हात आखडता घेतला आणि फ्लँडर्सकडे जाणारा पैशाचा ओघ आटला. आधीच महिनोन्महिने पगार न मिळालेले सैनिक बिथरले. अखेर ४ नोव्हेंबर १५७६ रोजी हे बंडखोर सैनिक अँटवर्प नगरात शिरले. युरोपातील सर्वांत श्रीमंत व्यापारी नगरांपैकी ते एक. तीन दिवस लूट आणि कत्तल चालली, हजारो माणसे मारली गेली, नव्यानेच बांधलेले नगरसभेचे भवन जळाले. राजाला या हत्याकांडाचा हुकूम द्यावा लागला नव्हता. वहीतील एक रक्कम भरली गेली नाही आणि तिची वसुली सैनिकांनी अँटवर्पच्या घराघरांतून केली. चारच दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, गेंट येथे झालेल्या करारात आजवर राजाशी एकनिष्ठ राहिलेले कॅथलिक प्रांतही बंडखोर प्रांतांना जाऊन मिळाले. जे राज्य राखण्यासाठी ती फौज ठेवली होती, ते राज्य त्या फौजेनेच घालवले म्हणावे लागेल.

खुद्द स्पेनमध्ये या खर्चाचा भार कोणी वाहिला? मुख्यतः कास्तीलच्या शेतकऱ्याने. सरदार घराणी जुन्या प्रत्यक्ष करांतून मुक्त होती. १५८८ साली इंग्लंडवर पाठवलेल्या आरमाराचा बोजवारा उडाल्यावर, १५९० मध्ये 'मिलोनेस' नावाची नवी पट्टी मंजूर झाली: सहा वर्षांत ८० लाख डुकाट. पुढे ही पट्टी मद्य, तेल, शिरका आणि मांस अशा रोजच्या जिनसांवर बसली. जुन्या करारात इस्राएल लोकांनी शमुवेलाकडे राजा मागितला, तेव्हा त्या वृद्ध संदेष्ट्याने त्यांना आधीच बजावले होते की, हा राजा तुमचे पुत्र रथांसाठी नेईल आणि तुमच्या धान्याचा व द्राक्षमळ्यांचा दशमांश घेईल. कास्तीलच्या खेड्यात हे भाकीत शब्दशः उतरले. १६०० साली गोन्सालेस दे सेयोरिगो या कायदेपंडिताने एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यात त्याने दाखवून दिले की, लोक शेती व उद्योग सोडून रोख्यांच्या व्याजावर जगू पाहत आहेत आणि देशाची संपत्ती कागदातच राहिली आहे. हा माणूस राजद्रोही नव्हता; आपल्या देशाची काळजी वाहणारा होता.

महागाईचे कारण ज्याने आधी ओळखले, तो एक धर्मपंडित होता, हे आपल्या वाचकांना ऐकायला आवडेल. मार्तीन दे आस्पिलकुएता याने १५५६ साली लिहिले की, ज्या देशात पैसा मुबलक होतो तेथे पैशाचे मोल उतरते आणि वस्तूंचे मोल चढते. अमेरिकेतून आलेल्या चांदीने स्पेनमध्ये नेमके हेच केले. हा आस्पिलकुएता म्हणजे आपल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या मातुल घराण्यातला. त्या घराण्याला साम्राज्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्यांचे नवारेचे छोटे राज्य १५१२ मध्ये स्पेनच्या फर्डिनंडने जिंकले आणि १५१६ मध्ये झेवियर घराण्याच्या वाड्याचे बुरूज पाडण्यात आले. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचा होता.

आतापर्यंत सांगितले ते सारे वहीत सापडते. सावकार, सैनिक, शेतकरी यांची नोंद तरी आहे. पोतोसीचा डोंगर ज्यांनी पोखरला, त्यांच्या सोसण्याला मात्र वहीत रकाना नव्हता. १५७० च्या दशकात पेरूचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने तेथील मूळ रहिवाशांची जुनी वेठीची पद्धत, 'मीता', खाणींसाठी राबवली. ठरवून दिलेल्या प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सातव्या हिश्श्याने आळीपाळीने दर वर्षी खाणीवर जायचे. ही संख्या तेरा हजारांच्या वर भरत असे. बायकामुले आणि लामांचे कळप बरोबर घेऊन ही माणसे शेकडो मैल चालत येत. खाणीत धूळ फुप्फुसांत जाई. चांदी वेगळी करण्यासाठी लागणारा पारा ज्या हुआंकावेलिका येथून येई, तेथे त्या पाऱ्याचे विष शरीरात भिने. ही वेठ कादिस येथील संसदेने १८१२ साली रद्द केली. म्हणजे ती सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ चालली. एवढा काळ चाललेली गोष्ट 'परवडली नाही' असे कोण म्हणेल? ज्यांना ती परवडली नाही, ते हिशेब लिहीत नव्हते.

ख्रिस्तसभेने यावर काय केले, हा प्रश्न येथे यायलाच हवा. सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया या डोमिनिकन धर्मगुरूने १५३९ च्या आरंभी दिलेल्या व्याख्यानात निर्भयपणे सांगितले की, अमेरिकेतील लोक आपल्या भूमीचे खरे धनी आहेत. सम्राट हा साऱ्या जगाचा स्वामी नाही आणि पोपही ऐहिक अर्थाने जगाचे स्वामी नाहीत. कोणी ख्रिस्ती नाही म्हणून त्याचे राज्य हिरावून घेता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात सम्राट चार्ल्सने त्या मठाच्या प्रमुखाला पत्र लिहून हे विषय चर्चेला घेण्यास मनाई केली. हे व्याख्यान छापून निघाले १५५७ साली, व्हितोरियाच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. फिलिपने पहिल्यांदा देणी थोपवली तेही हेच साल. सेमिनरीत आम्हांला व्हितोरिया शिकवला गेला तो न्याय्य युद्धाच्या प्रकरणात. त्याच्या डोळ्यांसमोर चाललेल्या कर्जव्यवहाराचा तेथे उल्लेख नव्हता, आणि आम्ही विद्यार्थ्यांनीही तो विचारला नाही.

आता दुसरी बाजू. ती लिहिताना धर्मगुरू म्हणून मला संकोच वाटतो, तरी लिहिली पाहिजे. स्पेनमधील कित्येक मठ, धर्मार्थ रुग्णालये आणि देवळांचे निधी त्या हुरो रोख्यांत गुंतवलेले होते. त्यांच्या व्याजावर वेदीवरच्या मेणबत्त्या लागत, गरिबांना भाकरी वाटली जाई, मृतांसाठी मिस्सा अर्पण होत. 'क्रुसादा' नावाच्या पत्रकांद्वारे भाविकांना दंडमाफी आणि उपवासातील सवलती मिळत. त्यांचा पैसा राजाच्या युद्धखर्चात जाई. पोतोसीच्या माणसासाठी प्रार्थना करणारी मठवासिनी आणि त्याच्या घामाचे व्याज खाणारी मठवासिनी ही एकच स्त्री असू शकत होती, आणि तिला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ही ठाऊक नसण्याची सोय हीच मला साम्राज्याच्या हिशेबातील सर्वांत गंभीर बाब वाटते.

आणि वसई? १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट फिलिपकडे गेला आणि स्पेनचे शत्रू ते आपलेही शत्रू झाले. आपल्या बंडखोर प्रजेला धडा शिकवण्यासाठी फिलिपने डच जहाजांना आपल्या बंदरांतून मज्जाव केला. लिस्बनमध्ये मसाले मिळेनासे झाले, तेव्हा डच स्वतःच पूर्वेकडे निघाले. त्यांना वाट कोणी दाखवली? १५८० च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरी लेखनिक म्हणून राहिलेल्या यान लिन्स्खोतेन या डच तरुणाने! त्याने घरी परतून सागरी मार्गांची माहिती छापली. १६०२ साली डच कंपनी स्थापन झाली. पुढे तिने गोव्याच्या बंदराची वर्षानुवर्षे नाकेबंदी केली, १६४१ मध्ये मलाक्का घेतले आणि १६६३ पर्यंत कोलंबो व कोचीनही गेले. अँटवर्पला थकलेल्या पगाराची झळ अशी वळणे घेत आपल्या किनाऱ्यापर्यंत आली. या भागातील गावांच्या महसुलावर जो किल्ला उभा होता, तो १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या स्वाधीन झाला, तेव्हा त्याला वाचवू शकेल अशी कुमक पाठवण्याचे सामर्थ्य गोव्याकडे उरलेले नव्हते.

आपण कॅथलिक कुटुंबे या इतिहासाकडे दोन मनांनी पाहतो. ज्या गलबतांतून शुभवर्तमान आले, त्याच गलबतांतून जकातीचा कारकूनही आला. स्वतः संत फ्रान्सिस झेवियरने पोर्तुगालच्या राजाला पाठवलेल्या पत्रांत अधिकाऱ्यांचा लोभ आणि नव्या ख्रिस्ती लोकांवर होणारा जुलूम यांविषयी तक्रारी केल्या आहेत. श्रद्धेबद्दलची कृतज्ञता आणि त्या कारकुनाबद्दलचा राग ही दोन्ही एका मनात राहू शकतात. माझ्या मनात ती राहतात.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. स्पेन बुडाला तो गैरव्यवस्थेने. ब्रिटनने शतकानुशतके साम्राज्य चालवले आणि त्याच्या रोख्यांची पत कधी ढळली नाही, त्याचे काय? ब्रिटनची कर्जव्यवस्था निःसंशय अधिक शिस्तीची होती. पण त्या शिस्तीला जोड कशाची होती, हे दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर आकडे मांडून दाखवले. १८६७-६८ ची ॲबिसिनियाची मोहीम घ्या. मुंबई इलाख्याची फौज त्या मोहिमेवर गेली. त्या मोहिमेशी हिंदुस्थानचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही त्या सैनिकांचा नेहमीचा पगार हिंदी तिजोरीवर टाकण्यात आला. साम्राज्य परवडण्याची युक्ती ही अशी. हिंदुस्थान हातून गेल्यावर, १९५६ साली, ब्रिटनने सुएझवर फौज उतरवली. पौंड घसरू लागला, अमेरिकेने माघारीशिवाय आर्थिक मदत होऊ दिली नाही, आणि रणांगणावर न हरलेली फौज काही आठवड्यांत परत फिरली.

अमेरिकेची स्थिती स्पेनसारखीच आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तिची शेती, विद्यापीठे आणि उद्योग कास्तीलपेक्षा कितीतरी सशक्त आहेत. शिवाय तिचे कर्ज तिच्या स्वतःच्या चलनात आहे. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलर आणि सोने यांची गाठ सोडली, तरी जग डॉलरच साठवत राहिले. पोतोसीचा डोंगर आता खणावा लागत नाही. परदेशांच्या मध्यवर्ती बँका आपली गंगाजळी अमेरिकी रोख्यांत ठेवतात आणि त्यातून तो आपोआप उभा राहतो. २००१ नंतरच्या युद्धांचा खर्च ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये सुमारे ८ लाख कोटी डॉलर असा काढला. त्या युद्धांसाठी वेगळा कर बसला नाही. उलट २००१ आणि २००३ मध्ये कर कमी करण्यात आले. मार्च २००३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल पिओ लागी यांना वॉशिंग्टनला पाठवले आणि इराकवर युद्ध लादू नका अशी विनवणी केली. ती मानली गेली नाही. नागरिकाला युद्धाची पावतीच मिळाली नाही, तर त्याने विरोध तरी कशाच्या आधारे करावा?

पावती कोणाच्या नावे फाटते, हे मात्र २०२५ च्या जुलैत दिसले. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला अमेरिकेची जुनी परदेश-साहाय्य संस्था औपचारिकरीत्या बंद झाली. तिच्या पैशावर आफ्रिकेतील कॅथलिक सेवासंस्थांची अन्नछत्रे आणि दवाखानेही चालत होते. चारच तारखेला मंजूर झालेल्या कायद्याने संरक्षणासाठी सुमारे १५ हजार कोटी डॉलरची भर घातली आणि गरिबांच्या वैद्यकीय मदतीला कात्री लावली. त्या कायद्याचे समर्थकही प्रामाणिक असू शकतील. मी त्यांच्या हेतूंचा न्याय करीत नाही. रकान्यांचा क्रम तेवढा पाहतो.

हे सारे मी त्या निवृत्त गृहस्थांना पुढच्या एका संध्याकाळी पडवीत बसून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीचा काही भागही अमेरिकी सरकारच्या रोख्यांत आहे, हे त्यांनीच मला सांगितले. "म्हणजे फादर, जेनोवाच्या सावकारांच्या बाकावर आपणही बसलो आहोत," असे म्हणून ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, स्पेनने शेवटी त्या डच लोकांशी काय केले? मी सांगितले, १६०९ मध्ये बारा वर्षांचा तह केला, तो संपल्यावर पुन्हा लढाई, आणि १६४८ मध्ये म्यून्स्टर येथे त्यांचे स्वातंत्र्य मान्य केले. बंड सुरू झाल्याला तोवर ऐंशी वर्षे झाली होती.

"आणि दाखल्यातला राजा शत्रू दूर असतानाच वकील पाठवतो," ते म्हणाले. "तुम्ही त्या रविवारी ते वाक्य फार घाईने वाचलेत, फादर."

त्यांचे म्हणणे खरे होते. ते वाचन आता २०२८ साली येईल.